‘कशी वाटली?’ विचारू नका, ‘काय घडलं ते सांग’ म्हणा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केलेत.

आजचा विषय: आपण लिहिलेली कथा समोरच्याला कळतेय की नाही, हे ओळखायचं कसं? ‘आवडतेय का’ हा प्रश्न वेगळा आहे, त्यात आज शिरायचं नाही. कथा आवडणं हे वाचकाच्या मूडवर, वयावर, त्या दिवशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की नाही यावरही अवलंबून असतं. पण कथेत कोण कोणाचं कोण आहे, काय घडलं आणि का घडलं, हे तरी वाचकापर्यंत पोचायला हवं ना? तेच पोचलं नसेल तर आवडण्या-न आवडण्याची वेळच येत नाही.

आणि हे महत्त्वाचं का? तर तुम्ही कथा दिवाळी अंकाला पाठवता, स्पर्धेला पाठवता. तिथे वाचणाऱ्या माणसाशेजारी तुम्ही बसलेले नसता. ‘नाही नाही, ती त्याची बहीण आहे, आधीच्या पानावर सांगितलंय मी’ असं सांगायला कुणी नसतं. तो माणूस दोन मिनिटं गोंधळतो आणि पुढची कथा उचलतो. तुम्हाला उत्तर येतं ते ‘साभार परत’, नाहीतर येतच नाही. मग बरेच जण ठरवून टाकतात की आपल्याला लिहिता येत नाही. खरं तर एखादं वाक्य कमी पडलेलं असतं. एका वाक्यापायी लिहिणं सुटावं, हे मला फार वाईट वाटतं. म्हणून हा भाग.

आपलं आपल्याला का दिसत नाही?

आधी एक छोटा खेळ. शेजारी कुणी असेल तर आत्ता करून बघा. मनात एखादं ओळखीचं गाणं म्हणा आणि त्याची लय बोटाने टेबलावर वाजवा. तोंडाने काही गुणगुणायचं नाही. समोरच्याला विचारा, कुठलं गाणं?

एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करताना हाच प्रयोग केला. अगदी सगळ्यांच्या ओळखीची गाणी होती. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, समोरचा ओळखेल असं वाटतं का? त्यांचा अंदाज होता, निम्म्या वेळा ओळखेल. प्रत्यक्षात १२० वेळा गाणी वाजवली गेली आणि ऐकणाऱ्यांनी ओळखली फक्त ३!

असं का झालं? वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खा ऑर्केस्ट्रा चालू असतो. शब्द, चाल, पेटी, तबला, सगळं. समोरच्याला मात्र ऐकू येते नुसती टकटक. आणि वाजवणाऱ्याला आपल्या डोक्यातलं गाणं बंद करून ती टकटक ऐकताच येत नाही. त्याला वाटतं, ‘अरे इतकं सोपं आहे, कसं ओळखत नाही हा!’

अर्थशास्त्रज्ञांनी याला १९८९ मध्येच एक नाव दिलं होतं. मराठीत म्हणायचं तर ‘ज्ञानाचा शाप’. एकदा एखादी गोष्ट आपल्याला माहीत झाली की ती माहीत नसणाऱ्याला काय वाटत असेल, याची कल्पना करणं अवघड होतं.

आता तुमच्या कथेकडे या. तुम्हाला नायकाचं लहानपण माहीत आहे. तो आईशी का बोलत नाही, हे माहीत आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलेला आणि नंतर उडवलेला परिच्छेदही तुमच्या डोक्यात शाबूत आहे. तुम्ही कथा वाचता तेव्हा डोक्यातला ऑर्केस्ट्रा गाळलेल्या जागा भरत जातो. म्हणजे कथा दहादा वाचली तरी तुम्हाला ती कळणारच. यात हुशारीचा संबंध नाही, कोणाचंही असंच होतं. म्हणून बाहेरचे कान लागतात.

चार वाचक, चार कथा

एक उदाहरण घेऊ. हे मी समजावण्यासाठी रचलंय. समजा, तुमची कथा अशी आहे: सोहम पुण्यात नोकरी करतो. रत्नागिरीजवळच्या गावातलं घर आणि मागची हापूसची बाग विकायची ठरलीय. तो गावी जातो, एजंटला भेटतो, घराभोवती एक चक्कर मारतो. मागच्या अंगणात बघतो तर विहीर बुजवलेली. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात सहीची वेळ येते, तेव्हा तो पेन खाली ठेवतो आणि बाहेर पडतो. कथा संपली.

तुमच्या डोक्यात काय आहे? ती विहीर आजोबांनी दोन उन्हाळे खपून स्वतः खणली. अर्धी वाडी तिचं पाणी प्यायची. व्यवहार पुरा व्हायच्या आधीच ती कुणीतरी बुजवली, ते बघून सोहमला कळलं की आपण नक्की काय विकतोय. सुंदर! पण शब्दमर्यादा होती, म्हणून आजोबांचा परिच्छेद उडाला.

आता ही कथा चार जणांना दिली आणि विचारलं, ‘कशी वाटली?’ चौघंही म्हणतील, ‘मस्त! शेवट भारी!’ तुम्ही खूश.

त्याऐवजी म्हणा, ‘फोन खाली ठेव आणि काय घडलं ते मला तुझ्या शब्दांत सांग.’ मग बघा काय ऐकू येतं.

पहिली सांगते, ‘त्याला भाव कमी मिळत होता ना, म्हणून त्याने सही केली नाही.’

दुसरा म्हणतो, ‘विहिरीत काहीतरी पुरलेलं असतं, तो घाबरतो. हॉरर आहे ना?’

तिसऱ्याला विहीर आठवतच नाही. ‘गावी गेला, मग मन बदललं त्याचं.’

चौथी कोकणातली आहे. ती म्हणते, ‘ते सगळं ठीक आहे, पण वडिलोपार्जित बाग आहे तर सातबाऱ्यावर काकांचंही नाव असेल की. अख्खी बाग एकट्याच्या सहीने कशी विकणार?’

बघा, चौघांनाही कथा ‘मस्त’च वाटली होती. पण चौघांनी चार वेगळ्या कथा वाचल्या आणि तुम्ही लिहिलेली कथा त्यात एकही नाही.

आता घाबरून आजोबांचा अख्खा परिच्छेद परत घालायचा का? गरज नाही. सोहम घरी पोचतो तेव्हा शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणतात, ‘टँकरचं आहे हो. तुझ्या आजोबांच्या विहिरीची सर नाही त्याला.’ एवढं पुरतं. विहीर कोणाची, ती काय होती, आता काय झालंय, सगळं एका तांब्यात आलं. आणि काकांनी मुखत्यारपत्र करून दिलंय, असं एजंटच्या तोंडी अर्धं वाक्य टाकलं की चौथीचाही प्रश्न सुटला.

विचारायचं कसं?

माझ्याकडे पाच प्रश्न आहेत. मी कोणालाही कथा देते तेव्हा हेच विचारते. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. काय घडलं ते तुझ्या शब्दांत सांग.
२. मुख्य पात्राला काय हवं होतं, असं तुला वाटलं?
३. कुठे थांबून मागे जाऊन परत वाचावं लागलं?
४. कुठे लक्ष उडालं, मध्येच दुसरं ॲप उघडावंसं वाटलं?
५. वाचून झाल्यावर मनात कुठला प्रश्न राहिला?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘छान’ असं देता येत नाही, हे लक्षात आलं का? ‘समजली का?’ हा प्रश्न मात्र यात मुद्दाम नाहीये. ‘समजली का?’ विचारलं की माणूस ‘हो’च म्हणतो. ‘नाही’ म्हटलं तर आपणच ढ ठरू, असं त्याला वाटतं. शाळेत बाई विचारायच्या, ‘समजलं का रे सगळ्यांना?’ आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, ‘होऽऽ!’ तसंच ते.

उत्तरं व्हॉइस नोटवर मागा. टाइप करताना माणूस सावरून, गोड करून लिहितो. बोलताना तो अडखळतो, ‘तो… कोण तो… हां, भाऊ बहुतेक’ असं म्हणतो. ते ‘बहुतेक’ सोन्यासारखं आहे! तिथेच तुमच्या कथेत खड्डा आहे.

आणि सगळ्यात अवघड नियम: तो सांगत असताना तुम्ही गप्प बसायचं. समजावून सांगायचं नाही, ‘पण मी लिहिलंय ना’ म्हणायचं नाही. तुम्ही एकदा समजावलंत की त्या वाचकाला कथा कळली, पण ती तुमच्या बोलण्यातून. कागद होता तसाच राहिला.

विचारायचं कोणाला?

तीन तऱ्हेचे वाचक मिळाले तर बघा.

एक, नेहमी कथा वाचणारा. त्याला कथांच्या वाटा माहीत असतात, त्यामुळे तो गोंधळला तर खड्डा मोठा आहे असं समजा.

दोन, फारसं न वाचणारा. हॉस्टेलचा रूममेट, ऑफिसमधला सहकारी. तो आदराने पुढे रेटत नाही, कंटाळला की थांबतो. कुठे थांबला तेवढं विचारून घ्या.

तीन, माहितगार. कथा कोळीवाड्यात घडत असेल तर तिथलं कुणी, हॉस्पिटलात घडत असेल तर एखादी नर्स. आपल्या उदाहरणातली सातबाऱ्यावाली हीच. माहितगाराकडून भाषेवर मत मागायची गरज नाही. ‘हे असं घडू शकतं का?’ एवढं विचारा.

आई-बाबांना द्यावी का? द्या की, आनंदासाठी द्या. पण ते तुम्हाला ओळखतात. कथेतला नायक ते तुमच्या आयुष्यावरून समजून घेतात. ‘हा म्हणजे आपला पिंट्या काका ना?’ अनोळखी वाचकाला पिंट्या काका माहीत नाही.

हल्ली कुणीही विचारेल, चॅटबॉटला दिली तर? नावं बदललीत का, सोमवारी सुरू झालेली कथा तीन दिवसांत रविवारी कशी पोचली, अशा गोष्टी शोधायला जरूर वापरा. पण दोन अडचणी आहेत. त्याचा कल कौतुकाकडे असतो, आणि गाळलेल्या जागा तो गुळगुळीत अंदाजाने भरून टाकतो. शिवाय त्याला कंटाळा येत नाही. कथेला मात्र कंटाळू शकणारा वाचक हवा असतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पहिलं वाचन एका माणसाकडून एकदाच मिळतं. ज्याने एकदा वाचली, त्याच्याही डोक्यात आता थोडा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. दुसऱ्या ड्राफ्टला तो तुमच्याइतकाच निकामी. म्हणून उत्साहाच्या भरात पहिलाच ड्राफ्ट दहा जणांच्या ग्रुपवर टाकू नका. दोघांना द्या, सुधारा, मग नव्या दोघांना द्या. वाचक पुरवून वापरायचे.

गूढ वेगळं, गोंधळ वेगळा

इथे काही जण म्हणतील, ‘सगळं सांगून टाकायचं तर मजा काय? वाचकाला विचार करू दे की!’ बरोबर आहे. पण वाचकाला विचार करायला लावणं आणि चकवा लावणं यात फरक आहे. तो पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात दिसतो.

वाचून झाल्यावर वाचक म्हणाला, ‘आता सोहम घरच्यांना काय सांगणार?’ तर झकास. हे गूढ आहे. त्याला घडलेलं कळलंय आणि तो पुढचं मनात लिहितोय. पण तो म्हणाला, ‘तो एजंट म्हणजेच काका का?’ तर हा गोंधळ. हा प्रश्न तुम्हाला त्याच्या मनात नकोच होता. तुम्हाला हवा तो प्रश्न पडला तर कथा पोचली, नको तो पडला तर परत बसा.

उलटंही होतं बरं का. न सांगितल्यामुळे जसा गोंधळ होतो, तसं जास्त सांगितल्यामुळे वाचक पेंगतो. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द सन ऑल्सो रायझेस’ ही कादंबरी १९२६ मध्ये यायच्या बेतात होती. सुरुवातीला पात्रांची बरीच पूर्वपीठिका होती. मित्र स्कॉट फिट्झजेराल्ड यांनी वाचून स्पष्ट कळवलं की सुरुवात जमलेली नाही. छपाईची प्रुफं तयार असताना हेमिंग्वे यांनी तो सुरुवातीचा भाग काढून टाकला. ती माहिती लेखकाला लिहिण्यासाठी लागली होती, वाचकाला वाचण्यासाठी नव्हती. प्रश्न नंबर चार त्यासाठीच आहे.

जागा त्यांची, औषध तुमचं

आता समजा फीडबॅक आला. सगळं ऐकायचं का?

इंग्रजी लेखक नील गेमन यांनी सांगितलेला एक नियम मला पटतो. त्याचा अर्थ असा: वाचक ‘इथे काहीतरी बिनसलंय’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा बरोबर असतो. पण ‘हे असं दुरुस्त कर’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा चुकतो. पोट दुखतंय हे पेशंटला नक्की माहीत असतं. गोळी कुठली, हे त्याला विचारून ठरवत नाहीत.

‘टॉय स्टोरी’ तुम्ही पाहिला असेलच. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी पिक्सारच्या लोकांनी डिस्नेच्या अधिकाऱ्यांना त्याचं तोवरचं कच्चं काम दाखवलं. वुडी इतका तुसडा आणि खडूस झाला होता की तो कुणालाच आवडेना. काम थांबवावं लागलं. गंमत बघा, हा वुडी वरून आलेल्या सूचना मानूनच तसा झाला होता. डिस्नेचे जेफ्री कॅट्झनबर्ग सारखं सांगत होते, पात्रं आणखी धारदार करा. हे करत गेले आणि आपलाच वुडी हरवून बसले. नंतर त्यांनी कथा परत आपल्या मनासारखी लिहिली, आणि १९९५ मध्ये आला तो आपला लाडका वुडी.

या एकाच किश्श्यात दोन्ही बाजू आहेत. बाहेरच्या प्रेक्षकांमुळे कळलं की काहीतरी बिघडलंय. आणि बाहेरचं औषध आंधळेपणाने घेतल्यामुळेच बिघडलं होतं.

माझा हिशोब साधा आहे. चारपैकी तीन जण एकाच जागी अडखळले तर ती जागा दुरुस्त करायची, वाद नाही. एकच जण अडखळला तर दोन दिवस थांबून विचार करायचा. माहितगाराने तथ्याची चूक काढली तर तो एकटा असला तरी ऐकायचं. आणि कुणी म्हणालं, ‘शेवट गोड कर, सोहमचं लग्न लाव’, तर हसून थँक्यू म्हणायचं. तो कथा कळण्याचा मुद्दा नाही, त्याच्या आवडीचा आहे.

हे काही नवीन नाही

बीटा रीडर वगैरे शब्द आत्ता आले, पण आपल्याकडे हे जुनंच आहे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही कवी मंडळी एकत्र जमून आपल्या कविता एकमेकांना वाचून दाखवत. ‘सत्यकथा’चे आणि मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कुठे काय कमी पडतंय ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. नाटकवाल्यांकडे तर आधी वाचन, मग तालीम, मग रंगीत तालीम अशी रीतच आहे. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकात तुमच्यापैकी कुणी कॉलेजतर्फे उतरलं असेल, तर माहीत असेल: तालमीला बसलेल्या ज्युनियरला विनोद कळला नाही, तर प्रेक्षागृहातही तो पडतो.

कथा लिहिणारा मात्र एकटा असतो. त्याला तालीम नसते. म्हणून ती आपणच उभी करायची. दोघातिघांचा छोटा ग्रुप करा. महिन्याला प्रत्येकाची एक कथा, दीड-दोन हजार शब्दांची. तू माझी वाच, मी तुझी वाचते. फुकटात कुणाचा वेळ मागायला संकोच वाटतो, तोही अशाने जातो. दुसऱ्याची कथा सांगताना आपण कुठे ‘बहुतेक’ म्हणतो, हे ऐकून आपलंही लिहिणं सुधारतं.

ग्रुप जमेपर्यंत? कथा तीन आठवडे उघडू नका. मग फोनला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मराठी वाचणारे आवाज आता फोनमध्ये असतात. तो आवाज तुमचे हावभाव, तुमचे पॉज काही घालत नाही, नुसती टकटक ऐकवतो. काही खड्डे तिथेच कळतील. सगळे नाही, पण काही नक्की.

तर या आठवड्याचा गृहपाठ: तुमची एक कथा, एक वाचक, पाच प्रश्न. व्हॉइस नोट आली की ती पूर्ण ऐका, उत्तर लगेच देऊ नका. आधी कागदावर लिहा, त्याने सांगितलेली कथा काय आणि माझी काय. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढं काम बाकी आहे. तुम्हाला लिहिता येतं की नाही, हे त्यावरून अजिबात ठरत नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोवर लिहीत राहा, वाचून घेत राहा. बाय!